बिल छापलं, खर्च कुणी मोजला?

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया परिसरातल्या २० रुग्णालयांना फोन करून दोन साधे प्रश्न विचारण्यात आले. ईसीजी काढायला किती पैसे पडतील? आणि गाडी उभी करायला किती? २०१४ साली अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या एका नियतकालिकात या खटाटोपाचा निकाल छापून आला. पार्किंगबद्दल १९ रुग्णालयांनी नीट माहिती दिली. ईसीजीचा दर सांगू शकली फक्त ३.

त्याच्या आदल्याच वर्षी आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी असाच एक प्रयोग केला होता. ६२ वर्षांच्या आजीला खुब्याचा सांधा बदलून घ्यायचा आहे, विमा नाही, पण रोख पैसे भरायची तयारी आहे, तर सगळं मिळून किती होतील, असं त्यांनी देशभरातल्या शंभराहून अधिक रुग्णालयांना विचारलं. मोजक्याच ठिकाणी पूर्ण आकडा मिळाला. तोही ११,१०० डॉलरपासून १,२५,७९८ डॉलरपर्यंत. आजी तीच, सांधा तोच, आणि फरक अकरा पटींहून जास्त.

अशा बातम्या वाचल्या की पहिला संशय लुबाडणुकीचा येतो, आणि तो अगदीच निराधार असतो असं नाही. पण टेलिफोनच्या पलीकडे बसलेली व्यक्ती प्रत्येक वेळी काही दडवतच होती असंही नाही. अनेकदा तिला आकडा खरोखरच ठाऊक नव्हता. त्याहून गंमत अशी, की तिच्या वरच्या साहेबालाही तो ठाऊक नसतो. आरोग्यसेवेच्या खर्चाचे आकडे रुपये-पैशांपर्यंत, डॉलर-सेंटपर्यंत काटेकोर दिसतात. त्यातले कितीतरी मोजलेले नसतात, वाटून दिलेले असतात.

अमेरिकेत प्रत्येक रुग्णालयाकडे ‘चार्जमास्टर’ नावाची एक लांबलचक दरसूची असते. इंजेक्शनच्या सुईपासून मेंदूच्या शस्त्रक्रियेपर्यंत हजारो बाबी तिच्यात असतात. पत्रकार स्टीव्हन ब्रिल यांनी २०१३ साली ‘टाइम’ साप्ताहिकात या सूचीची पार चिरफाड केली. त्यांनी दाखवलेल्या एका बिलात पॅरासिटामॉलच्या एका गोळीला दीड डॉलर लावला होता. तेवढ्याच पैशांत बाजारात शंभर गोळ्यांची बाटली मिळत होती. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकी सरकारनं तीन हजारांहून अधिक रुग्णालयांचे छापील दर जाहीर केले, तेव्हा सांधेबदलाच्या उपचाराला ओक्लाहोमातल्या एका गावात ५,३०० डॉलर, तर कॅलिफोर्नियात एके ठिकाणी २,२३,००० डॉलर आकारले जात असल्याचं दिसलं.

मात्र हे छापील दर जवळजवळ कुणीच भरत नाही. विमा कंपन्या घासाघीस करून निम्म्याच्याही खाली येतात. वृद्धांसाठीची सरकारी ‘मेडिकेअर’ योजना १९८३ पासून आजाराच्या गटानुसार ठरलेली रक्कम देते; रुग्णालयानं बिलावर काय छापलं आहे याच्याशी तिला फारसं देणंघेणं नसतं. उरतो तो विमा नसलेला माणूस. सगळ्यात फुगलेलं बिल नेमकं त्याच्याच हातात पडतं. म्हणजे एकाच शस्त्रक्रियेला तीन-चार वेगवेगळे भाव असतात, आणि त्यातला एकही त्या शस्त्रक्रियेला रुग्णालयाचे किती पैसे लागले हे सांगत नाही.

मग रुग्णालयाचा हिशेबनीस खर्च काढतो कसा? अमेरिकेत वर्षानुवर्षं चालत आलेली एक सोपी रीत आहे. एखाद्या विभागाचा वर्षाचा एकूण खर्च घ्यायचा, त्याला त्या विभागानं लावलेल्या एकूण बिलांनी भागायचं. समजा उत्तर ०.४ आलं. की मग त्या विभागातल्या प्रत्येक सेवेच्या छापील दराला ०.४ नं गुणायचं आणि आलेल्या आकड्याला ‘खर्च’ म्हणायचं. म्हणजे ज्या सेवेचा दर चढवून ठेवला आहे ती आपोआप खर्चिक ठरते, आणि जिचा दर जुनाच राहून गेला आहे ती स्वस्त ठरते. दर खर्चावरून ठरायला हवा. इथे खर्चच दरावरून ठरतो.

वीज, स्वच्छता, सुरक्षारक्षक, लॉन्ड्री, प्रशासन हे सामाईक खर्च आले की गुंता आणखी वाढतो. गृहनिर्माण सोसायटीत पाण्याचं बिल प्रत्येक फ्लॅटमागे सारखं वाटायचं, नळांच्या संख्येवर वाटायचं की चौरस फुटांवर, यावर सभा कशा गाजतात हे मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. एकूण बिल तेवढंच राहतं, पण वाटणीचा नियम बदलला की कुणाचा तरी आकडा दुप्पट होतो. रुग्णालयात ही वाटणी शेकडो सेवांमध्ये करायची असते, आणि तिथे भांडायला सभाही नसते. लॉन्ड्रीचा खर्च किलोवर वाटायचा की खाटांवर, हे एक कर्मचारी एका एक्सेलच्या रकान्यात ठरवून टाकतो.

हार्वर्ड बिझनेस स्कूलचे रॉबर्ट कॅप्लन आणि मायकल पोर्टर यांनी २०११ साली ‘हार्वर्ड बिझनेस रिव्ह्यू’मध्ये याच मुद्द्यावर बोट ठेवलं. कॅप्लन हे मूळचे हिशेबशास्त्रातले. कारखान्यांत एकेका वस्तूचा खर्च कसा काढावा यावर त्यांचं नाव झालेलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: रुग्ण दारातून आत आल्यापासून बाहेर पडेपर्यंत त्याच्यासोबत चाला. कोण किती मिनिटं त्याच्यापाशी होतं ते लिहून घ्या. त्या माणसाच्या आणि त्या खोलीच्या एका मिनिटाला किती पडतात ते काढा. गुणाकार करा.

ऐकायला हे बाळबोध वाटतं. प्रत्यक्षात युटा विद्यापीठाच्या रुग्णालयांनी २०१२च्या सुमारास अशा धर्तीचं काम हाती घेतलं तेव्हा त्यांना लक्षावधी नोंदी पिंजून काढाव्या लागल्या. त्यातून जे आकडे निघाले ते मात्र मोठे बोलके आहेत. आपत्कालीन विभागातलं एक मिनिट ८२ सेंटचं. शस्त्रक्रियेनंतरच्या अतिदक्षता विभागातलं १ डॉलर ४३ सेंटचं. आणि हाडांच्या शस्त्रक्रियेसाठीच्या थिएटरमधलं एक मिनिट १२ डॉलरचं. एवढं कळलं की सर्जन येईपर्यंत थिएटर वीस मिनिटं रिकामं राहण्याला काय पडतं, हे कुणीही तोंडी सांगू शकतं. त्याआधी ते सांगता येत नव्हतं, म्हणून त्याबद्दल कुणी काही करतही नव्हतं.

भारतात हा प्रश्न वेगळ्या दारानं आला. २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेची सुरुवात झाली, तेव्हा सरकारला हजारावर उपचारांचे दर एकदम जाहीर करावे लागले. जुन्या राज्य योजनांचे दर, केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठीच्या सीजीएचएसचे दर, तज्ज्ञांच्या बैठका अशा सामग्रीवरच ते बेतावे लागले, कारण देशभराचा मोजलेला खर्च हाताशी नव्हताच. महाराष्ट्रानं त्याआधीच, २०१२ साली आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली होती. पुढे तीच महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजना झाली. तिथेही ठरलेल्या पॅकेजांवरच कारभार चालत आला, आणि ‘या दरात परवडत नाही’ ही खासगी रुग्णालयांची ओरडही तितकीच जुनी आहे.

परवडत नाही म्हणजे नेमकं किती कमी पडतं? हे शोधायला चंडीगडच्या पीजीआय संस्थेतल्या शंकर प्रिंजा यांच्या पुढाकारानं अनेक राज्यांतल्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांमध्ये खर्चाचा मोठा अभ्यास हाती घेण्यात आला. त्याचे निष्कर्ष पुढच्या दरसुधारणांत वापरले गेले, आणि २०२२च्या दरपत्रकात शहराच्या वर्गानुसार वेगवेगळे दर देण्याची सोयही आली. आपल्याकडच्या संथ कारभारात संशोधन इतक्या लवकर धोरणापर्यंत पोहोचणं विरळाच. पण या अभ्यासाच्या पद्धतीतच कळतं की ‘खरा खर्च’ ही वस्तू किती निसरडी आहे.

एक्स-रेचंच घ्या. समजा यंत्र १२ लाखांचं आहे आणि ते दहा वर्षं चालेल असं धरलं. म्हणजे वर्षाला सव्वा लाखाच्या आत, १ लाख २० हजार. तंत्रज्ञाचा वर्षाचा पगार ६ लाख. बेरीज ७ लाख २० हजार. वर्षाला ६,००० एक्स-रे निघाले तर एकामागे १२० रुपये पडले. पण दुसऱ्या रुग्णालयात तेच यंत्र, तोच पगार, आणि वर्षाला निघाले २,००० एक्स-रे, तर एकामागे ३६० रुपये. दोन्ही आकडे खरे आहेत. दुसरं रुग्णालय उधळं आहे का? कदाचित ते दुर्गम तालुक्यात आहे आणि तिथे रुग्णच कमी आहेत. कदाचित यंत्र सहा महिने बंद पडलं होतं. सरासरी काढली की ही दोन्ही कारणं पुसली जातात. आणि यंत्र दहाऐवजी पंधरा वर्षं चालेल असं धरलं, तर दोन्हीकडचे आकडे पुन्हा बदलतात.

वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेल्या रुग्णालयात आणखी एक पेच आहे. ससून, केईएम किंवा बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमधला प्राध्यापक सकाळी वॉर्डात राउंड घेतो तेव्हा त्याच्यामागे विद्यार्थ्यांचा घोळका असतो. तो त्या वेळी रुग्ण तपासतो आहे की शिकवतो आहे? दोन्ही. मग त्याच्या पगारातले किती रुपये उपचाराच्या खाती टाकायचे? असे अभ्यास करणारे कर्मचाऱ्यांनाच विचारतात की तुमचा आठवड्याचा वेळ कुठे कुठे जातो. आपण दिवसाचा वेळ कसा घालवला हे प्रामाणिकपणे सांगणं किती अवघड असतं ते प्रत्येकाला माहीत आहे. सरकारी रुग्णालयांच्या खर्चात पगारांचा वाटा मोठा असतो, त्यामुळे या एका अंदाजावर पुढचा सगळा हिशेब डुलतो.

खासगी रुग्णालयांत अडचण उलटी आहे. तिथे हिशेब बारकाईनं ठेवलेले असतात, पण दाखवायची तयारी नसते. आणि दाखवले तरी त्यात काय असतं याचा एक नमुना राष्ट्रीय औषध मूल्यनिर्धारण प्राधिकरणानं, म्हणजे एनपीपीएनं, २०१७ साली समोर आणला. हृदयाच्या धमनीत बसवायच्या स्टेंटवरची छापील किंमत साध्या स्टेंटला सरासरी ४५ हजार आणि औषध लावलेल्या स्टेंटला सरासरी १ लाख २१ हजार रुपये होती. कारखान्यापासून रुग्णापर्यंतच्या साखळीतले नफे तपासल्यावर दिसलं, की रुग्णालयांच्या पातळीवर ते ६५४ टक्क्यांपर्यंत जात होते. १३ फेब्रुवारी २०१७ च्या आदेशानं कमाल किमती अनुक्रमे ७,२६० आणि २९,६०० रुपयांवर आल्या, आणि स्टेंटचा ब्रँड, उत्पादक, बॅच क्रमांक बिलावर वेगळा दाखवणं बंधनकारक झालं.

पुढच्याच वर्षी याच प्राधिकरणानं दिल्ली परिसरातल्या चार नामांकित खासगी रुग्णालयांची बिलं तपासली. काही वस्तूंवरचा नफा १,७३७ टक्क्यांपर्यंत गेला होता. पण त्याहून महत्त्वाचं निरीक्षण दुसरंच होतं. मोठ्या रुग्णालयांची घाऊक खरेदी हातची जाऊ नये म्हणून उत्पादक वेष्टनावर चढी एमआरपी छापत होते. रुग्णालय वस्तू स्वस्तात घेत होतं आणि छापील किमतीला विकत होतं. कायद्याच्या दृष्टीनं सारं ठीक, कारण एमआरपीच्या वर एक पैसाही घेतलेला नाही! ज्या आकड्याला ग्राहकाचं कवच समजतात तोच इथे विक्रेत्याच्या सोयीनं छापलेला होता. अशी एमआरपी आधाराला धरून कुणी उपचाराचा खर्च काढला, तर ते गणित कितीही चोख मांडलं तरी त्याचा उपयोग काय?

शिवाय असाही पैसा आहे जो कोणत्याच रकान्यात सापडत नाही. रुग्ण पाठवल्याबद्दल एका डॉक्टरनं दुसऱ्याला द्यायचा ‘कट’. २०१७ साली मुंबईतल्या एका हृदयरोग रुग्णालयानं ‘आम्ही डॉक्टरांना कमिशन देत नाही’ अशा अर्थाचं होर्डिंग लावलं, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेनं नाराजी व्यक्त केली. ती नाराजी पुरेशी बोलकी होती. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारनं निवृत्त पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमून कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा करवून घेतला. त्याचा कायदा काही झाला नाही. हा पैसा रुग्णालयाच्या वहीत गेला तर जनसंपर्क किंवा व्यावसायिक शुल्क अशा एखाद्या सोज्ज्वळ नावानं जातो, आणि अखेर रुग्णाच्या बिलात मिसळतो.

आकड्याच्या कुंपणाबाहेर काय राहतं, हे महाराष्ट्रानं कोविडच्या काळात अगदी जवळून पाहिलं. २१ मे २०२०च्या अधिसूचनेनं खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दिवसाचे दर ठरले: साध्या वॉर्डाला ४,०००, व्हेंटिलेटरशिवाय अतिदक्षतेला ७,५००, व्हेंटिलेटरसह ९,००० रुपये. राज्यभर तेच दर. यात खाट, नर्सिंग, डॉक्टरांच्या भेटी, जेवण, साध्या तपासण्या धरल्या होत्या. पीपीई किट, सीटी स्कॅन, काही महागडी औषधं मात्र बाहेर ठेवली होती. झालं! बिलाचं वजन जे बाहेर होतं तिकडे सरकलं, पीपीईचे रकाने फुगले, आणि शेवटी महापालिका व जिल्हा प्रशासनांना बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवावे लागले. ठरलेला दर मोडायची कुणाला गरजच पडली नव्हती. जून २०२१ मध्ये सरकारनं शहरांचे तीन वर्ग पाडले आणि वॉर्डाचा दर ४,०००, ३,००० आणि २,४०० असा वेगळा केला. मुंबईतली जागा आणि तालुक्याच्या गावातली जागा यांचं भाडं सारखं नसतं, हे कागदावर यायला एक वर्ष लागलं.

एका बिलाची ही कथा. देशाच्या बिलाची आणखी अजब आहे. भारतात आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चापैकी लोक थेट स्वतःच्या खिशातून किती भरतात, हा आकडा राष्ट्रीय आरोग्य लेखे दरवर्षाचा म्हणून देतात. २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के. फार मोठी सुधारणा, आणि सरकारी भाषणांत ती हमखास येते. पण ही उतरण पायरी-पायरीनं पाहिली तर एक पायरी डोळ्यांत भरते. २०१६-१७ मध्ये ५८.७ आणि लगेच पुढच्या वर्षी ४८.८. एका वर्षात दहा टक्के बिंदू गडप. त्या वर्षी देशात कोणती मोफत उपचारांची लाट आली होती? जन आरोग्य योजना तर अजून सुरूही झालेली नव्हती.

बदलली होती ती पाहणी. खिशातल्या खर्चाचा अंदाज राष्ट्रीय नमुना पाहणीवर बेततात. २०१६-१७ पर्यंतचे अंदाज २०१४ सालच्या ७१व्या फेरीवर आधारलेले होते. त्यानंतरचे २०१७-१८च्या ७५व्या फेरीवर. पहिली फेरी जानेवारी ते जून अशी सहा महिन्यांची, म्हणजे पावसाळ्यातला मलेरिया-डेंग्यू त्यात फारसा सापडायचाच नाही. दुसरी पूर्ण वर्षाची. तरीही मागच्या पंधरा दिवसांत आजारी पडल्याचं सांगणारे लोक ग्रामीण भागात ८.९ टक्क्यांवरून ६.८ वर आणि शहरांत ११.८ वरून ९.१ वर उतरले. चार वर्षांत देशातलं आजारपण जवळजवळ पावपट कमी झालं, की लोकांनी कमी सांगितलं, की विचारण्यात फरक पडला? अर्थतज्ज्ञ यावर अजून वाद घालतात. त्यात २०१७-१८चं घरखर्चाचं सर्वेक्षण सरकारनं प्रसिद्धच केलं नाही, त्यामुळे पडताळून पाहायचा एक हुकमी मार्ग बंद झाला. आणि कोविडची दोन वर्षं? त्यांचे अंदाजही महासाथीच्या आधीच्या त्याच पाहणीवरून पुढे नेलेले आहेत. ऑक्सिजनसाठी दागिने गहाण टाकलेल्या कुटुंबाचा खर्च त्या ३९.४ टक्क्यांत कितपत आला असेल, याचा अंदाज ज्याचा त्यानं करावा.

पाहणीचा प्रश्नही पाहण्यासारखा असतो. दारात आलेला पाहणी करणारा विचारतो की गेल्या ३६५ दिवसांत घरातलं कोण रुग्णालयात दाखल झालं होतं, डॉक्टरांची फी किती, औषधं किती, तपासण्या किती, खाटेचं भाडं किती. अकरा महिन्यांपूर्वीची पावती किती घरांत सापडेल? सुनेच्या माहेरच्यांनी भरलेले पैसे कुणाच्या नावावर धरायचे? अशा आठवणींतून ७५व्या फेरीत निघालेली सरासरी सांगते की सरकारी रुग्णालयात एका दाखल होण्याला ४,४५२ रुपये लागले, आणि खासगीत ३१,८४५. या दोन आकड्यांतलं अंतर खरंच आहे यात शंका नाही. शेवटच्या दोन-तीन अंकांवर मात्र कुणी पैज लावू नये.

हे सगळं अटळ आहे असं मात्र नाही. जर्मनीत रुग्णालयांना आजाराच्या गटानुसार पैसे मिळतात, आणि ते दर ठरवायला एक स्वतंत्र संस्था दरवर्षी काही रुग्णालयांकडून रुग्णवार खर्चाचे तपशील घेते. एकाच साच्यात लिहिलेले, तपासलेले, न पटल्यास परत पाठवलेले. हे काम करण्याबद्दल रुग्णालयांना मोबदला मिळतो. सुरुवातीला सहभाग ऐच्छिक होता. पुढे लक्षात आलं की खासगी मालकीची रुग्णालयं या नमुन्यात फारच कमी आहेत आणि त्यामुळे आकडे एका बाजूला कलतात. तेव्हा २०१६ मध्ये चक्क चिठ्ठ्या टाकून रुग्णालयं निवडली गेली. नाव निघालं की तपशील द्यायचा.

आपल्याकडे जन आरोग्य योजनेच्या यादीवर तीस हजारांच्या आसपास रुग्णालयं आहेत आणि त्यातली खासगी हजारोंनी मोजावी लागतात. ती सरकारी तिजोरीतून पैसे घेतात, म्हणजे त्यांच्याकडे हिशेब मागायचा हक्क सरकारला आहेच. महाराष्ट्रानं २०२१च्या शुश्रूषागृह नियमांत दरपत्रक दर्शनी भागात लावायला सांगितलं, ते ठीकच झालं. पण भिंतीवर लागतो तो दर. खर्च मागायचा असेल तर यादीवरच्या रुग्णालयांतली शे-दोनशे दरवर्षी चिठ्ठ्या टाकून निवडावीत, त्यांना कारकुनाच्या पगारापुरते पैसे द्यावेत, आणि थिएटरचं एक मिनिट कितीला पडतं हे लिहून घ्यावं.